रुपचंदभाऊंची उतारशाळा

भुसावळात रुपचंदभाऊंना ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो एक तर नुकताच बदली होऊन आलेला असतो, नाही तर त्याने आयुष्यात कधी विनातिकीट प्रवास केलेला नसतो. छत्तीस वर्षं ते रेल्वेत टी.सी. होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बाजारात कोणी समोरून आलं की त्यांची नजर आधी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे जाते आणि मग चेहऱ्याकडे.

पण त्यांची कीर्ती नोकरीमुळे नाही. ती आहे नाताळच्या नाटकामुळे. स्टेशनामागच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये दरवर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी नाटक होतं, आणि त्यात गेली एकतीस वर्षं रुपचंदभाऊ बेथलेहेमच्या उतारशाळेचे, म्हणजे मरीया आणि योसेफ येशूच्या जन्माआधी जिच्या दारात येतात त्या धर्मशाळेचे, मालक आहेत.

मूळ नाटकात या मालकाला एकच वाक्य होतं. "जागा नाही." रुपचंदभाऊंनी ते एकतीस वर्षांत हळूहळू वाढवत अकरा मिनिटांवर नेलं. योसेफाने दार ठोठावलं की आतून आधी नुसतं खोकणं ऐकू यायचं. मग हातात रेल्वेचा जुना कंदील आणि अंगात काळा कोट घालून मालक बाहेर यायचे. उतारशाळेच्या मालकाने काळा कोट घालावा असं शास्त्रात नाही, पण घालू नये असंही नाही, असा त्यांचा मुद्दा होता. कोटाच्या खिशातून लांब कागद निघायचा, चष्मा नाकावर चढायचा आणि बोट कागदावर वरून खाली फिरायला लागायचं.

"नाव?"

"योसेफ."

"पूर्ण नाव."

"याकोबाचा मुलगा योसेफ, मुक्काम नासरेथ."

बोट पुन्हा वरून खाली. "चार्टमध्ये नाही."

"अहो, माझ्या बायकोचे दिवस भरलेत."

"डबेही भरलेत."

इथे टाळ्या. शेवटी ते कंदील उंच धरून छाती भरून श्वास घ्यायचे, आणि हॉलमधली सगळी पोरं त्यांच्या आवाजात आवाज मिसळून ओरडायची, "जागा नाही." पडद्यामागे बसून संवाद सांगायचं काम माझ्याकडे आहे. त्या अकरा मिनिटांत मी चहा पिऊन येत असे.

मरीयेचं काम करणाऱ्या एका मुलीने एकदा तक्रार केली, की माझं आणि देवदूताचं मिळून चार मिनिटंसुद्धा होत नाहीत. रुपचंदभाऊ तिला म्हणाले, "बाळा, तुझ्याकडे साक्षात देव आहे. माझ्याकडे फक्त जागा नाही, एवढंच आहे. ते तरी मला नीट करू दे."

या वर्षी मंडळीला नव्या पाळकबाई, म्हणजे उपासना चालवणाऱ्या धर्मगुरू, आल्या. सुलक्षणाबाई. वय एकतीस. "म्हणजे मी कंदील हातात घेतला तेव्हा या पाळण्यात होत्या," असं रुपचंदभाऊंनी पहिल्याच रविवारी हिशेब करून सांगितलं. बाई शांत, हसऱ्या, आणि ग्रीक शिकून आलेल्या. मंडळीला ग्रीकचं काही वाटलं नाही. आधीच्या पाळकांना मधुमेह होता, तसंच हेही एक, असं सगळ्यांनी धरलं.

नोव्हेंबरमध्ये नाटकाची बैठक बसली. योसेफ म्हणून तेजस, मरीया म्हणून प्राची, तिसरा मेंढपाळ म्हणून नेहमीप्रमाणे मोतीलाल. हा मोतीलाल वीस वर्षं तिसरा मेंढपाळ आहे आणि वीस वर्षं त्याचा डोळा काळ्या कोटावर आहे. यादीत रुपचंदभाऊंचं नाव यायला हवं तिथे बाई थांबल्या.

"आबा," त्या म्हणाल्या, "एक अडचण आहे. उतारशाळेचा मालक शास्त्रात नाही."

"कुठे गेला?" रुपचंदभाऊंनी विचारलं.

"नव्हताच. बायबलात लूकने लिहिलेल्या गोष्टीत कोणी दार ठोठावत नाही, कोणी कंदील घेऊन येत नाही. ते दोघं बेथलेहेमात असताना तिचे दिवस भरले, एवढंच आहे. आल्या रात्रीच बाळ झालं असंही कुठे नाही."

"मालक नाही. उतारशाळा तर आहे ना? आपल्या पुस्तकात स्वच्छ छापलंय."

"मराठीत छापलंय. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे कातालुमा."

बाईंनी पिशवीतून जाड पुस्तक काढलं. रुपचंदभाऊंनी ते हातात घेतलं, पान उजेडाकडे धरलं, उलटून मागची बाजू पाहिली आणि परत दिलं. एवढ्या तपासणीत पूर्वी बनावट पास सापडत असत.

"पुढे बोला," ते म्हणाले.

बाई पुढे बोलल्या. मी जसं समजलो तसं सांगतो. कातालुमा हा शब्द निघाला सोडण्यावरून. वाटसरू जिथे थांबतो, जनावरांचं ओझं उतरवतो, जू सोडतो, ती जागा. पण हाच शब्द लूक पुढे आणखी एकदा वापरतो. मरणाच्या आदल्या रात्री प्रभू शिष्यांबरोबर जेवायला बसतो, ती कोणाच्या तरी घरातली माडीवरची खोली. ती लॉज नाही. पाहुण्यांसाठी राखलेली खोली आहे. म्हणजे बेथलेहेमातही कोणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली भरलेली होती, एवढाच अर्थ.

"लूकला उतारशाळा ठाऊक नसेल," मोतीलाल मध्येच म्हणाला. कोट जातोय म्हटल्यावर तोही हवालदिल झाला होता.

"ठाऊक होती. प्रभूच्या दृष्टांतात वाटेत लुटलेल्या माणसाला तो परका शोमरोनी उचलून नेतो ना, तिथे त्याने वेगळा शब्द वापरलाय. पांदोखेऑन. सगळ्यांना आत घेणारी जागा. तिथे मालकही आहे."

रुपचंदभाऊंचा चेहरा उजळला. "मालक आहे? तो काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही. जखमी माणसाला ठेवून घेतो."

"संवाद नाही?"

"एकही नाही."

"मग तो आपल्या उपयोगाचा नाही," रुपचंदभाऊ म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

पुढच्या रांगेत धुरपदाबाई वाल सोलत बसल्या होत्या. मंडळीत सगळ्यांत मोठ्या त्याच. माहेर सासर दोन्ही धुळ्याजवळच्या सोनगीरकडचं, त्यामुळे बोलणं अहिराणी. गेली काही वर्षं त्यांना ऐकू कमी येतं असं मानून लोक त्यांच्यासमोर वाटेल ते बोलतात.

"ती पोर बराबर सांगस," त्या वालाच्या शेंगेला उद्देशून म्हणाल्या. "योसेफ कोना गाव गयथा? आपला बापजादासना गाव. आपला गावमा भाऊबंद राहताना कोनी धरमशाळामा उतरस का?"

त्यांनी पुढची शेंग उचलली.

"आन उतरना ते समजी ल्या," धुरपदाबाईंनी शेंग फोडली, "भांडन व्हयेल शे."

हॉलमधली निम्मी माणसं छताच्या पंख्याकडे बघायला लागली. कुंदाबाई, म्हणजे रुपचंदभाऊंची बायको, पंख्याकडे बघत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

हे का, ते सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी रुपचंदभाऊंच्या मुलीचं लग्न झालं. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आणि पाहुणे साठ. दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. रुपचंदभाऊंनी चार्ट केला. कोण कुठे झोपणार, कोणाला पलंग, कोणाला सतरंजी, कोणाला गच्ची, सगळं आखून टाइप करून आदल्या दिवशी दाराला चिकटवलं. नवऱ्या मुलाकडचे लोक आतल्या खोलीत. साहेबलोक शेजारच्या क्वार्टरमध्ये. त्यांचा धाकटा भाऊ लोटन आणि त्याची बायको मंदाबाई सोनगीरहून संध्याकाळी आले, तेव्हा दारापाशी उभं राहून लोटनने आपलं नाव शोधलं. ते सर्वांत खाली होतं. वेटिंग एक आणि दोन.

रुपचंदभाऊंच्या मनात खोट नव्हती. त्यांनी भावासाठी स्टेशनासमोरच्या लॉजवर स्वतंत्र खोली घेऊन ठेवली होती, पंखा आणि गरम पाण्याची. साठ माणसांत एवढी सोय कोणाचीच नव्हती. पण लोटनला ते सांगताना त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "इथे जागा नाही, तू समोर जा."

लोटन समोर गेला. सकाळी लग्नाला उभा राहिला, पंगतीला बसला नाही, आणि दुपारच्या गाडीने निघून गेला. जाताना दारावरचा चार्ट काढून घडी करून खिशात घालून घेऊन गेला. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांना फक्त अंत्यविधीत भेटतात, आणि तिथे बोलायची सक्ती नसते.

हे सगळं मंडळीला पाठ होतं. पाळकबाईंना नव्हतं. म्हणून त्या निरागसपणे म्हणाल्या, "आबा, मालक नसला तरी घरधनी आहेच की. ज्याचं घर तो. तुम्ही घरधनी व्हा. वाक्य एकच आहे. खोली भरली आहे, पण घर तुमचंच आहे, या."

"बस?"

"बस."

रुपचंदभाऊंनी कबूल केलं. एक वाक्य आज आहे, अकरा मिनिटं पुढे होतीलच, असा त्यांचा अंदाज असावा. पण भानगड निराळीच निघाली. त्यांना ते वाक्य म्हणता येईना.

पहिल्या तालमीत तेजसने दार ठोठावलं. रुपचंदभाऊ बाहेर आले, हात खिशाकडे गेला, कागद नव्हता, आणि तोंडून आपोआप आलं, "जागा नाही." दुसऱ्या तालमीत ते "खोली भरली आहे" इथपर्यंत नीट आले आणि पुढे म्हणाले, "पुढच्या स्टेशनला बघा." तिसऱ्या तालमीत त्यांनी फार नेटाने "या" म्हटलं. पण ते असं म्हटलं की प्राची घाबरून पदर सावरायला लागली. विनातिकीट प्रवाशाला डब्याच्या टोकाला बोलावतात, तसलं "या" होतं ते.

पाळकबाई त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "आबा, वाक्य पाठ करू नका. कोणीतरी यावं असं तुम्हाला वाटतं ना, त्याला बोलवा."

"मला कोणी यावं असं वाटत नाही."

"मग रविवारपर्यंत बघा. नाही जमलं तर मोतीलालला सांगते."

मोतीलाल लांबून केळी सोलत होता. त्याने खाणं थांबवलं.

त्याच दिवशी तालमीनंतरच्या बैठकीत बाळ येशूला ठेवायच्या गव्हाणीचा विषय निघाला. आजवर आमचं बाळ केळ्याच्या क्रेटमध्ये ठेवलं जाई. क्रेट जळगावच्या बाजारातला, हिरवा, प्लास्टिकचा, बाजूला व्यापाऱ्याचं नाव. पाळकबाई म्हणाल्या, तिकडची जुनी घरं अशी होती की दारातून आत आलं की आधी जनावरं, मग हातभर उंच ओटा, ओट्यावर माणसं, आणि दोघांच्या मधे काठाला गव्हाण. बाळ गोठ्यात टाकलेलं नव्हतं. घरातच, माणसांच्या उशाशी होतं. तेव्हा खरीखुरी लाकडी गव्हाण मिळेल का?

"हे तर आमनंच घर व्हयनं," धुरपदाबाई म्हणाल्या. "मन्हा तिन्ही पोऱ्या गव्हाणमाच झोपेत. पाळना कोना घर व्हता?"

भुसावळात आता गाई सिमेंटच्या हौदात खातात. कोणाकडे गव्हाण असल्याचं कोणी बोलेना. तेव्हा कुंदाबाई उठून उभ्या राहिल्या.

"सोनगीरला यांच्या वडिलांच्या घरात आहे. सागाची. हेही त्यातच वाढले."

"ती मोडली असेल," रुपचंदभाऊ म्हणाले.

"एकोणीस वर्षांत तुम्ही बघायला गेलात कुठे?"

हा प्रश्न मंडळीच्या बैठकीत विचारण्यासारखा नव्हता, पण घरी विचारून उत्तर मिळत नसल्यामुळे कुंदाबाईंनी जागा बदलून पाहिली असावी. बैठकीच्या वृत्तांतात मग एवढंच लिहिलं गेलं, की गव्हाण आणण्याचं काम रुपचंदभाऊंनी स्वखुशीने पत्करलं.

गुरुवारी ते एसटीने निघाले. जळगाव, पारोळा, धुळे, आणि तिथून गाडी बदलून सोनगीर. पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. रुपचंदभाऊंनी सांगितलं तेव्हा लोटन शेजारी बसून दुरुस्त्या करत होता, तेव्हा दोघांचं मिळून जे उरलं तेवढं खरं मानायला हरकत नाही.

सोनगीरचा किल्ला उजवीकडे दिसला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वडिलांचं घर होतं तसंच होतं, फक्त छपरावर डिश लागली होती. दार उघडं होतं. लोटन ओट्यावर बसून दोरी वळत होता. त्याने वर बघितलं, दोरी बाजूला ठेवली आणि न बोलता आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या नाकावर चष्मा आणि हातात पिवळा पडलेला कागद होता. रुपचंदभाऊंनी आपलं टायपिंग दुरूनच ओळखलं.

"नाव काय?" लोटनने विचारलं.

"लोटन, मी शे."

"नाव सांगा. चार्टमा पाहनं पडी."

"रुपचंद."

लोटनचं बोट वरून खाली फिरलं. मग पुन्हा एकदा वरून खाली. एकोणीस वर्षं थांबलेला माणूस घाई करत नाही.

"तुम्हनं नाव आठे नही शे."

"आपलं नाव त्यामा कसं राही? तो चार्ट म्याच करेल शे."

"तेच सांगस मी," लोटन म्हणाला.

रुपचंदभाऊ म्हणतात, नोकरीत त्यांना अनेकांनी शिव्या दिल्या, एकाने चालत्या गाडीत डबा फेकून मारला, पण दारात उभं राहून आपलं नाव यादीत नाही हे ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली. पायाखालचा ओटा त्यांच्या ओळखीचा होता. त्यावर चढायला कोणाची परवानगी लागेल हे ओळखीचं नव्हतं. ते तसेच बॅग घेऊन उभे राहिले. नेमके किती वेळ, यावर दोघा भावांचं एकमत नाही.

आतून मंदाबाईंचा आवाज आला. "आधी पानी द्या त्यासले. मंग तपासा तिकीट."

पाणी आलं. चहा आला. लोटन समोर बसला.

"लॉजमा पंखा व्हता," रुपचंदभाऊ म्हणाले. एकोणीस वर्षं तयार करून ठेवलेलं वाक्य होतं हे. "नळले गरम पानी व्हतं. बठ्ठासमा चांगली सोय तुन्ही व्हती."

"पंखा मन्हा घर बी शे," लोटन म्हणाला. "पंखा पाव्हाले मी नव्हतू ऊनेल."

रुपचंदभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली.

जेवणं झाल्यावर ते आडवं व्हायला सवयीने आतल्या खोलीकडे निघाले. मंदाबाईंनी अडवलं. "भाऊ, तठे जागा नही. खोलीमा बठ्ठा कापूस शे."

खरंच होता. जमिनीपासून आढ्यापर्यंत, खिडकी बुजेल इतका. भाव वाढायची वाट बघत पांढराशुभ्र बसला होता. वेटिंगमध्ये, असं लोटन म्हणाला.

तेव्हा त्यांचं अंथरूण ओट्यावर पडलं, जिथे लोटन आणि मंदाबाई स्वतः झोपत तिथेच, काठाला. उशापासून वीतभर अंतरावर सागाची गव्हाण. पलीकडे गाय. रुपचंदभाऊ आडवे झाले आणि गाय त्यांच्या टकलावर फुंकर टाकून पुन्हा कडब्याकडे वळली. त्यांनी हात लांब करून गव्हाणीच्या कडेवरून फिरवला. लाकूड एका जागी गुळगुळीत झालं होतं. जनावरांच्या मानांनी की पोरांच्या हातांनी, ते आता सांगता येत नव्हतं. आतल्या खोलीत जागा नव्हती आणि तरी आपल्याला कोणी बाहेर काढलेलं नाही, एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ग्रीक न येता आली, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

"लोटन," ते छताकडे बघत म्हणाले, "मन्हं चुकनं."

लोटन दोरी वळत होता. त्याने पीळ संपवून टोकाला गाठ मारली.

"झोप आते," तो म्हणाला. "गाय तुन्हाकडेच पाही राहिनी."

संध्याकाळी रुपचंदभाऊंनी गव्हाणीचा विषय काढला. नाटक, पाळकबाई, कातालुमा, मोतीलालचा धोका, सगळं सांगितलं. लोटनने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "गव्हाण लई जाशी, ते गाय काय ताटमा खाई?"

"दोन दिवसना प्रश्न शे."

"आन तुम्ही शहरना लोके ती मोडशात. तिन्हासंगे कोनी पाहिजे."

"मग ये ना," रुपचंदभाऊ म्हणाले.

म्हणून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय म्हटलं. पण मंदाबाई आतून म्हणाल्या, "कोन कोन?" आणि विषय तिथेच संपला.

रविवारच्या तालमीला रुपचंदभाऊ आले, तेव्हा मोतीलाल घरून काळा कोट घालूनच आला होता. बाईंनी विचारलं, "आबा, जमलं का?" ते म्हणाले, "त्या दिवशी बघू. आत्ता म्हटलं तर शिळं होईल." बाईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मोतीलालला कोट काढायला सांगितलं. ग्रीक येणारी माणसं कधी कधी मराठीही समजतात.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी हॉलपुढे छोटा हत्ती टेम्पो थांबला. मागे कडब्याच्या गादीवर गव्हाण, गव्हाणीला टेकून लोटन, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मंदाबाई, मांडीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा डबा घेऊन. गव्हाण उतरवताना लोटनने चार जणांना बारा सूचना दिल्या. धुरपदाबाई काठी टेकत आल्या, वाकून गव्हाणीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "आते नाताळ व्हयना."

सहा वाजता पडदा वर गेला. हॉल भरला होता, बोदवडहून आलेले लोक मागे उभे होते. नाटक बदललंय हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. रंगमंचावर उतारशाळेची पाटी नव्हती. ओटा होता, काठाला गव्हाण होती, मागे एका खोलीचं दार होतं आणि त्यातून पाहुण्यांचे हातपाय बाहेर आले होते, इतकी ती भरली होती.

तेजसने दार ठोठावलं. आतून खोकणं ऐकू आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपचंदभाऊ बाहेर आले, पण काळा कोट नव्हता. धोतर, बंडी, खांद्यावर उपरणं. कंदील मात्र होता. तेवढं त्यांनी पाळकबाईंकडून मागून घेतलं होतं.

"आमच्यासाठी जागा आहे का?" तेजसने विचारलं.

रुपचंदभाऊंनी श्वास घेतला. आणि पोरांनी वाट बघितली नाही. सगळा हॉल एका आवाजात ओरडला, "जागा नाही."

मी पडद्यामागे वही धरून बसलो होतो. या वेळी चहाला गेलो नव्हतो. मी हळूच सांगितलं, "खोली भरली आहे." पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे हात करून मला थांबवलं. कंदील खाली ठेवला. मरीया आणि योसेफ त्यांच्या पुढे उभे होते, पण ते त्यांच्या डोक्यावरून पहिल्या रांगेकडे बघत होते. तिथे कडेच्या खुर्चीवर लोटन बसला होता, गव्हाणीवर नजर ठेवून, कोणी तिला धक्का लावतंय का ते बघत.

"खोली भरेल शे," रुपचंदभाऊ म्हणाले. "पन घर तुम्हनंच शे. या. मझार या."

वहीत ते मराठीत होतं, आणि मझार, म्हणजे आत, हा शब्द तर नव्हताच. पण त्यांना दुरुस्त करावं असं मला वाटलं नाही.

मग लोटनने गव्हाणीवरची नजर काढली आणि वर बघितलं. तो उठणार असं एक क्षण सगळ्यांना वाटलं. पण तो खुर्चीत नीट सावरून बसला, एखादा माणूस आपल्या जागेवर बसतो तसा. प्राची ओट्यावर चढली. बाळ गव्हाणीत ठेवलं गेलं. बाहुलीच होती, पण कडब्यावर ठेवली तेव्हा आमच्या केळ्याच्या क्रेटची मला लाज वाटली.

एकूण वेळ, पावणेदोन मिनिटं. पाळकबाईंनी घड्याळ लावलं होतं.

त्या रात्री रुपचंदभाऊंच्या घरी मुलगी, जावई, नातवंडं आणि जावयाचे आईवडील आलेले होते, त्यामुळे आतली खोली भरलेली होती. लोटन आणि मंदाबाईंची अंथरुणं बाहेरच्या खोलीत पडली, रुपचंदभाऊ आणि कुंदाबाईंच्या बाजूला, टीव्हीच्या पायथ्याशी. दाराला चार्ट नव्हता. पंखा होता, पण डिसेंबरात कोणी लावला नाही. सकाळी लोटनने कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाताना सगळ्यांना सांगितलं, की गाय आपल्या भावापेक्षा कमी घोरते.

दुपारी टेम्पो आला. गव्हाण चढवायला आम्ही सगळे जमलो. पाळकबाई म्हणाल्या, "लोटननाना, पुढच्या वर्षीही लागणारच आहे. इथेच ठेवून गेलात तर? हॉलमध्ये नीट जपू."

लोटनने दोरीची गाठ आवळली. मग रुपचंदभाऊंकडे बघितलं, आणि बाईंना म्हणाला, "आठे ठेई गऊ, ते पुढला साल माले कोन बलाई?"